अंगणातली राहुटी

राहुटी ठोकून राहण्याचा नाद आम्हा तिघा भावंडांना जडला तो अगदी उतारवयात. आणि नाद म्हटला की त्याचे समर्थन शोधणे ओघानेच आले. आम्ही सांगत असू, समुद्र, खाडी आणि रान ही तिन्ही एका दिवसाच्या टप्प्यात सापडावीत असा मुलूख पेडण्यासारखा दुसरा नाही. उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा आणि मध्ये १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेलेला हा चिमुकला महाल. हे सारे खरे होते. परंतु दरवर्षी पेडण्यात येऊन आम्ही पार्से तेवढे टाळीत होतो, हेही खरे. आणि पार्से हे आमचे गाव.

तेथे आमचे घर आहे. निदान घरात आमचा वाटा आहे. १८७० पासून चालत आलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलगा आणि मुलगी यांना वारशात सारखे मानले, आणि २०१६ साली अमलात आलेल्या गोव्याच्या कायद्यानेही ते तत्त्व राखले. तत्त्व उत्तमच आहे. आमच्या आक्कालाही त्यामुळेच हक्क मिळाला. पण आजोबांच्या मागे इन्व्हेंतार म्हणून झाला नाही, आणि आता वारस एकोणीस. कौले कोणी शाकारायची यावरून मुंबईच्या चुलतभावाशी बोलणे तुटले, त्यालाही अकरा वर्षे झाली. दोष कोणाचा, हे आता आम्हालाही धड सांगता येणार नाही.

यंदा पौषात पहिली रात्र केरीला सुरूच्या झाडांखाली काढली. दुसरीसाठी मोरजीचा किनारा मनात होता. पण हे दिवस समुद्री कासवांच्या विणीचे. मादी रात्री वाळूत अंडी घालावयास येते, आणि बाहेर पडलेली पिले उजेडाच्या दिशेने धावतात. तेथे कंदील लावून बसणे आम्हास बरे वाटले नाही. म्हणून आगरवाड्याकडे वळलो. मिठागरांपलीकडे शापोऱ्याच्या काठी एक सपाट हिरवळ दिसली. दुपारच्या भरतीची ओली रेघ पाहून, तिच्यापासून चांगली वीस पावले वर आम्ही राहुटी उभी केली आणि आपल्या शहाणपणावर खूष होऊन चहा ठेवला.

संध्याकाळी बांधावरून एक म्हातारे गृहस्थ चालले होते. राहुटीकडे, मग आभाळाकडे पाहून ते आक्काला म्हणाले, "बाय, आज पुनव. उदक हांगा मेरेन येतलें."

आम्ही दुपारची रेघ दाखविली. ते हसले. हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीहून चढी असते, हे त्यांनी दोन वाक्यांत समजाविले. भरतीची वेळ काढण्याचा तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब आम्ही लहानपणी पाठ केला होता. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, हे तोंडावर होते. पाणी कधी येईल ते ठाऊक, कुठवर येईल ते मात्र नाही. साडेनवाच्या सुमारास राहुटीचा तळ ओला लागला. चंद्रप्रकाशात पाणी गवताच्या पात्यांमधून इतक्या निमूटपणे येत होते की, भिण्याचेही सुचले नाही.

सामान गाडीत कोंबले. आता जायचे कोठे? थोरले बंधू गाडीच्या चक्रापाशी क्षणभर बसून राहिले आणि मग काही न बोलता त्यांनी गाडी पार्स्याच्या वाटेला लावली.

दाराला कुलूप होते. किल्ली कोणाकडे, यावर आमच्यातच दोन मते. मागल्या पडवीवरची कौले खाली आली होती. अंगण मात्र जसेच्या तसे. मेखा काही केल्या रुतेनात. मातीच्या बोटभर थराखाली जांभा. अखेर राहुटीच्या दोऱ्या दोन बाजूंनी ओसरीच्या खांबांना आणि तिसरी वृंदावनाला बांधली. आक्का आडवी होता होता म्हणाली, "उन्हाळ्यात आपण इथेच तर निजत होतो. घरात कोण निजे?" मोप्याचे विमान दिवे लुकलुकवीत उतरत गेले. हा विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला. आमच्या लहानपणी त्या आभाळात चांदण्या मोजण्याखेरीज काम नव्हते. रात्रभर आत कुठेतरी माती झरत होती. आम्ही तिघेही जागे होतो आणि तिघांनीही झोपेचे सोंग केले.

सकाळी शेजारच्या काकी पेजेचे भांडे घेऊन आल्या. त्यांनी आधी राहुटीकडे पाहिले, मग खांबांना बांधलेल्या दोऱ्यांकडे, आणि विचारले, "घर उगडूंक आयल्यात?"

थोरल्या बंधूंनी पेज संपविली, हात धुतले, आणि आक्काकडे मुंबईचा क्रमांक मागितला. बराच वेळ घंटा वाजली. त्यांनी नाव सांगितले आणि आपण पार्स्याच्या अंगणात बसलो आहोत, एवढेच म्हटले. पलीकडे काही वेळ शांतता होती. मग त्याने विचारले की, न्हाणीकडची भिंत अजून उभी आहे काय.

आम्ही उठून मागे गेलो आणि पाहिले. उभी होती.