जुन्या जीपचा जमाखर्च

आजची नोंद हळदीची नाही अन् हरभऱ्याचीही नाही. आपल्या जीपची पासिंगची तारीख या महिन्यात आली आहे. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं सोयाबीनचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. अशा वर्षी तीस वर्षं जुन्या गाडीवर पैसे घालावेत का, हा प्रश्न घरात निघाला. निघायलाच पाहिजे. म्हणून वही काढली. पिकाचा जमाखर्च मांडतो तसाच गाडीचा मांडला. ज्यांच्या दारात जुनी जीप किंवा जुना ट्रॅक्टर आहे, त्यांना उपयोग होईल.

आधी गाडीबद्दल. महिंद्राची एमएम ५४०, नोव्हेंबर १९९५ ची नोंदणी. नंबर एमएच-२२, म्हणजे परभणीचा. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला आणि आपला एमएच-३८ त्यानंतर आला. म्हणजे गाडी जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी आहे! वडिलांनी २००६ मध्ये एक लाख दहा हजारांना जुनीच घेतली होती.

इंजिन प्युजो कंपनीच्या बनावटीचं, एक्सडीपी ४.९०. महिंद्रा ते परवान्यावर इथंच बनवायची. ४ म्हणजे सिलिंडर चार अन् ९० म्हणजे बोअर ९० मिलिमीटर. स्ट्रोक ८३. गुणाकार करून बघा, २११२ सीसी येतात. या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं अन् मग पिस्टनवर येतं. म्हणून थंडीत हीटर दिल्याशिवाय ते उठत नाही. डिसेंबरच्या पहाटे चावी अर्धी फिरवून वीस-तीस आकडे मोजायचे, मग सेल्फ मारायचा. घाई केली की बॅटरी बसली.

आता खर्च. मागची पासिंग नोव्हेंबर २०२० ला झाली, तेव्हापासून ऑक्टोबर २०२५ पर्यंतची पाच वर्षं धरली आहेत:

इंजिन काम (रिंग, बेअरिंग, हेड गॅस्केट, पंप-नोझल) – ५८,०००
विमा, फक्त थर्ड पार्टी, पाच वर्षं – ४६,५००
टायर पाच – ३१,०००
ऑइल, फिल्टर, ग्रीस – २४,६००
पत्रा, वेल्डिंग, रंग – २२,०००
ब्रेकचं सगळं काम – १४,२००
पाटे, बुश, स्टीअरिंग – १२,८००
बॅटरी दोनदा – १२,५००
क्लच प्लेट, प्रेशर प्लेट – ९,५००
वायरिंग, सेल्फ – ८,४००

एकूण २,३९,५००. वर्षाला ४७,९००. महिन्याला चार हजारांच्या आसपास.

नवीन गाडीला दहा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता एकवीस हजारांवर जातो. एवढंच लिहून थांबलो असतो तर हिशोब गोड वाटला असता. पण आपण पिकातही घरच्या माणसांची मजुरी न धरता नफा काढतो अन् मग फसतो. जीपचंही तसंच आहे. वहीत न दिसणारे खर्च तीन आहेत.

पहिला डिझेलचा. वर्षाला सहा हजार किलोमीटर पळते, लिटरला बारा देते, म्हणजे ५०० लिटर. पंधरा देणारी गाडी असती तर ४०० लागले असते. १०० लिटर जास्तीचे, ९० रुपयांनी नऊ हजार.

दुसरा बंद पडण्याचा. पाच वर्षांत तेवीस दिवस गाडी गॅरेजला होती. त्यातले चार दिवस ऐन हळद काढणीत गेले. शिजवायच्या कढईजवळ माणसं बसून, अन् इकडं गाडी नाही. भाड्याच्या पिकअपला त्या चार दिवसांत ६,८०० गेले.

तिसरा शोधाशोधीचा. फिल्टर-गॅस्केट अजून मिळतं, पण या इंजिनाचं एखादं आतलं सामान पाहिजे असलं की आधी वसमत, मग नांदेड, मग फोनवर फोन. एका मोठ्या शहरातून नोझल मागवलं तर डुप्लिकेट निघालं. दोन महिन्यांत धूर सुरू. तेव्हापासून जुनं सामान मिस्त्रीला हातात घेऊन बघू दिल्याशिवाय पैसे सोडत नाही.

यात शेतीनं केलेलं नुकसान वेगळं. पोटॅशच्या गोण्या मागच्या फळीवर टाकून आणायच्या, त्यातली भुकटी सांडते, पावसाळी हवेत पाणी ओढते अन् पत्रा खाते. रंगाचे बावीस हजार जास्त करून त्याचेच आहेत. आता गोण्यांखाली ताडपत्री टाकतो अन् खत आणलं की त्याच दिवशी धुतो. दुसरं, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी लावली की उंदीर वायरिंग कुरतडतात. साठवणीच्या दिवसांत गाडी उघड्यावर बरी.

मग ठेवली कशाला? तर पाणंदीसाठी.

आपली काळी माती पाणी प्याली की फुगते अन् चाकाला धरते. टायरच्या खाचा भरल्या की गुळगुळीत चाक नुसतं फिरतं. रुंद टायर मातीवर तरंगायला बघतं. जीपचं अरुंद, खोल खाचांचं टायर चिखल कापून खालच्या टणक थराला लागतं. त्यात फोर व्हील अन् लो गियर. यंदा सप्टेंबरमध्ये शेतातली मोटर बुडायच्या आत काढायची होती. मोटारसायकल वेशीपाशीच अडकली. पिकअपवाला म्हणला, "भाऊ, तिथं मी नाही येत." जीप पहिल्या गियरमध्ये पाय न देता चालत गेली अन् मोटर घेऊन आली. ती मोटर वाचली हे मी जमेच्या बाजूला लिहितो, किती रुपये ते तुम्ही लावा.

दोन गोष्टी मात्र पाळा. डांबरी रस्त्यावर आलात की फोर व्हील काढा. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून जुळवून घेतात, डांबरावर घसरायला जागा नसते, सगळा ताण आतल्या गियरवर येतो. अन् दुसरं, गाडी जाते म्हणून ओल्या वावरात घालू नका. वाफसा नसताना चाक फिरलं की काळी माती दाबून बसते, मग हळदीचा गड्डा काय पोसणार? पाणंदीला जीप, वावरात पायी.

आता हौसेचं. हौसेला मोल नाही म्हणतात. मोल असतं, अन् ते लिहून ठेवावं. रंगाच्या बावीस हजारांतले निदान आठ हजार हौसेचे आहेत, हिरवा रंग मला मूळचाच पाहिजे होता. पण त्या हौसेनं एक दिलं. या गाडीखाली मी शिरू शकतो. गळती कुठून आहे हे डोळ्यांनी दिसतं. डिझेल फिल्टर बदलून हवा काढणं, ब्रेक आवळणं, पाट्याला ग्रीस मारणं घरी होतं. लेक परभणीला कृषी विद्यापीठात शिकते, सुट्टीत आली की फिल्टर तीच बदलते. फवारणीच्या पंपाचं इंजिन अडलं तर ती आता दुकान शोधत नाही, आधी खोलून बघते.

काळजी आहे ती मिस्त्रीची. वसमतला आमचे चाचा आहेत, सत्तरीला आले. कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून कोणतं नोझल ठोकतंय ते सांगतात. मुलांनी मोबाईलचं दुकान टाकलं. मागच्या महिन्यात म्हणाले, "मालक, लोखंड तर चाललं असतं अजून वीस वर्षं. हात कुठून आणणार?" याला वहीत रकाना नाही. लेकीला दोन दिवस त्यांच्याकडं बसवतो आहे. जेवढं घेता येईल तेवढं घेऊ.

मागच्या वर्षी पुण्याचे एक शौकीन आले होते. दोन लाख साठ हजार देत होते. मोठे टायर, लाइटा लावून डोंगरात नेणार म्हणाले. माणूस चांगला होता. पण त्या पैशात पाणंदीनं चालणारी दुसरी गाडी येत नव्हती, म्हणून नाही म्हणलो.

यंदा मात्र फीनं विचार करायला लावलं. मोटारीची नोंदणी आधी पंधरा वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी आम्ही २०२० ला ६०० भरली होती. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाडीला ५,००० झाली अन् ऑगस्ट २०२५ च्या नियमानं वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा, नवी नंबर प्लेट वेगळी. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपायच्या आधी साठ दिवसांच्या आत करता येतो. उशीर केला तर दंड वाढत जातो. आणि एक गैरसमज काढून टाका. दहा वर्षांवरचं डिझेल वाहन बंद, हा नियम दिल्ली अन् आसपासच्या भागाचा आहे, हिंगोलीचा नाही. विंटेज म्हणून सवलत मिळेल असंही समजू नका. त्याला गाडी पन्नास वर्षांवरची लागते, अन् तशी नोंद झाली की रोजच्या कामाला वापरता येत नाही.

घरात बसून बोललो. मी फीचंच सांगत होतो. हिनं वही पुढं ओढली अन् ब्रेकच्या ओळीवर बोट ठेवलं. "रंगाला बावीस अन् ब्रेकला चौदा? ठेवायची तर ठेवा, पण हे उलटं करा."

ती असं का म्हणाली ते मला माहीत आहे. ४ एप्रिल २०२५ ला आपल्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली. सात जणी गेल्या. त्या आठवड्यात आमच्या भागात निंदायला बायाच निघाल्या नाहीत. निघाल्या तेव्हा एकीनं जीपमध्ये बसायच्या आधी विचारलं, "दादा, बिरेक लागतात ना?" मी हो म्हणलो. लागत होते. पण त्या प्रश्नाला वर्षानुवर्षं हो म्हणता यावं, एवढी तजवीज पाहिजे. जुनी गाडी पाळायची तर चिखलातून निघण्यापेक्षा उतारावर थांबण्याला किंमत जास्त.

म्हणून ठरलं ते असं. पासिंग करतोय. पण त्याआधी चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर, पाइप अन् स्टीअरिंगचे जोड नवीन, अंदाज अठरा हजार. रंग नाही. बाया जीपमध्ये आरसीवर लिहिल्यात तेवढ्याच बसणार, उरलेल्यांसाठी दुसरी फेरी. डिझेल जळालं तर जळू द्या. वर्षाची मर्यादा साठ हजार, सलग दोन वर्षं त्याच्यावर गेलं तर पुण्याच्या शौकिनांना फोन करायचा. अन् चाचांचा हात थांबला आणि आम्हाला जमलं नाही, तरीही फोन करायचा. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे, खाली तिघांच्या सह्या.

तुमच्याकडं जुनं वाहन असेल तर आज दोन कामं करा. आरसीवरची तारीख बघा, ट्रॅक्टरचीसुद्धा. अन् गाडी बांधावरून जरा उताराला लावून ब्रेक दाबून बघा. पेडल खाली जात असेल तर हरभऱ्याच्या पेरणीआधी मिस्त्री गाठा.

जीप सोमवारी चाचांकडं जाते. हळदीच्या करप्याची नोंद पुढच्या आठवड्यात टाकतो.