सीटखालचा पाना

ज्या वस्तूवर आपण रोज बसतों तिच्या खालीं काय आहे हें आपण सहसा पाहत नाहीं. सिंहासनापासून पाटापर्यंत हा नियम सारखाच लागू पडतो. पाट तरी जेवणें झाल्यावर भिंतीशीं उभा करून ठेवावा लागतो, त्यामुळें त्याची खालची बाजू अधूनमधून दृष्टीस पडते. मोटारसायकलच्या सीटचें भाग्य तेवढेंहि नाहीं. ती पुसली जाते, पावसांत तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढते, उन्हांत तापली तर तिला चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. पण तिला उचलून तिच्या पोटांत डोकावणारा मालक विरळा. आम्हीहि त्या विरळांपैकीं नव्हतों. हल्लीं आहों, आणि ही सुधारणा आमच्या अंगच्या गुणांनीं झालेली नाहीं, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें.

या वस्तूस शिष्ट मराठींत काय म्हणावें याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. 'आसन' म्हणावें, तर वर बसणारा योगी तरी असावा किंवा सभेचा अध्यक्ष तरी. 'खोगीर' म्हणावें, तर लोक 'खोगीरभरती' आठवून हंसतील. वास्तविक खोगीर हाच शब्द वंशावळीच्या दृष्टीनें खरा. १८८५ सालीं जर्मनींत गॉटलीब डाइम्लर व विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडाच्या दुचाकीवर पेट्रोलचें इंजिन बसविलें, तेव्हां स्वारासाठीं त्यांनीं वर खोगिराच्या घाटाचीच बैठक ठेविली होती. असो. मुरबाडच्या बाजारांत खोगीर मागितलें तर घोडा कोठें आहे असें विचारतील. म्हणून आम्ही सर्वांप्रमाणें 'सीट' असेंच म्हणतों.

जुन्या बुलेटवर स्प्रिंगांवर झुलणारी एकट्या माणसाची सीट वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. तिच्याखालीं लपविण्यासारखें कांहीं नसे. बॅटरी व हत्यारें यांचीं घरें गाडीच्या कुशीला, डोळ्यांसमोर असत. पुढें दोघांची लांब सीट आली आणि तिच्या खालच्या पोकळींत बॅटरी, फ्यूज, तारांचे जुडगे, हत्यारांची पिशवी, कोठें हवेची गाळणीसुद्धां, असा सगळा संसार जाऊन बसला. अशा रीतीनें सीट ही बैठकहि झाली आणि झाकणहि झाली. या दोन कामांचे स्वभाव मात्र एकमेकांच्या अगदीं उलट. बैठक जागची हलूं नये. झाकण सहज निघावें. जी सीट हलते ती माणसाला पाडते, आणि जी निघत नाहीं ती यंत्राला मारते. हें सूत्र आम्हांस पुस्तकांत सांपडलेलें नाहीं. त्याचा पूर्वार्ध आम्ही आमच्या आईच्या मनगटावर शिकलों, आणि उत्तरार्ध दुसऱ्याच्या मुलावर.

आमचें घर शहापूर तालुक्यांत, किन्हवलीजवळच्या एका वाडीला लागून. पोटापाण्याची शाळा मुरबाड तालुक्यांत. मधली वाट सरळगांवावरून जाते. गांवाचें नांव सरळ असलें तरी वाटेनें तें मनावर घेतलेलें नाहीं. पौषी पौर्णिमेला मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते. तेथें बैलांचा बाजार असतो, घोंगड्या असतात, आणि आमच्या आईच्या मतें तेथील घोंगडीसारखी ऊब दुसऱ्या कशांत नाहीं. एका वर्षीं ती म्हणाली, "बाबा, यंदां मला म्हशाला ने. पुढल्या सालचें कोणीं पाहिलें आहे?" आम्हीं मोठ्या उत्साहानें आदल्या संध्याकाळीं गाडी धुतली, आणि जन्मांत प्रथमच सीट काढून बॅटरीवरचें पाणी पुसलें. काढतांना कांहीं वाटलें नाहीं. बसवितांना अंधार पडला होता. एक बोल्ट पान्यानें आवळला, दुसरा हातानेंच फिरवून ठेविला, आणि सीट वरून घट्ट दिसते आहे असें पाहून आम्ही जेवावयास गेलों.

सरळगांवाच्या अलीकडे एका खड्ड्यांत मागचें चाक आपटलें, तशी सीट आईला घेऊनच एका कुशीला उसळली. वेग फारसा नव्हता, म्हणून एवढ्यावरच निभावलें. मातींत बसूनच आई म्हणाली, "अरे, तुझी गाडी मला उतरवून पुढें निघाली कीं काय?" त्या वेळीं ती हंसत होती, मनगट मोडल्याचें तासाभरानें कळलें. पुढचे सहा आठवडे तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्यें होता, आणि म्हशाची घोंगडी शेजाऱ्यांकडून आणवावी लागली.

भ्यालेला मनुष्य ज्या प्रकारची दुरुस्ती करतो, ती आम्हीं केली. पान्याला नळीचा तुकडा जोडून, सारी शक्ति लावून दोन्ही बोल्ट आवळले, इतके कीं एकाचे आटे कुरकुरले. तेवढ्यानेंहि समाधान होईना, म्हणून बाइंडिंगच्या तारेचे आठ वेढे सीटवरून चौकटीखालून घेऊन पकडीनें पीळ दिला. पाना हत्यारांच्या पिशवींत टाकला. आणि पिशवी या सर्व बंदोबस्ताच्या आधींच, म्हणजे सीटखालच्या पोकळींत, जाऊन बसली होती काय, हा प्रश्न सूज्ञ वाचकाच्या मनांत येईल. तसें नव्हतें, पण घडलें त्याहून विशेष निराळेंहि नव्हतें. त्या कामाचा पाना शेजाऱ्याचा होता. तो आम्हीं प्रामाणिकपणें परत केला. आमचा पाना पिशवीसकट सीटखालींच राहिला.

यानंतर चौदा महिने सीट उघडली गेली नाहीं. आईला आम्ही अभिमानानें सांगत असूं कीं, आतां भूकंप झाला तरी ही हलावयाची नाहीं. तें खरेंहि होतें.

पुढच्या वैशाखांत, वळवाच्या एका रात्रीं अकराच्या सुमारास, दार वाजलें. वाडीवरचा एक गृहस्थ आठ वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन उभा होता. "गुरुजी, गाडी काढा. पोराला कांहींतरी चावलें." जमिनीवर अंथरूण, मुंगी चावल्याएवढी वेदना, डाग दिसेल न दिसेल असा, आणि पापण्या जड होऊं लागलेल्या: आमच्या भागांत याचा अर्थ सांगावा लागत नाहीं. मण्यार. सर्पविषावरचें जें औषध सरकारी रुग्णालयांत मिळतें तें नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारहि विषांवर चालतें. मात्र रोगी वेळेवर तेथें पोंचला पाहिजे. मुलाला मध्यें घेऊन आम्ही शहापूरच्या रस्त्याला लागलों. पाऊस कोसळतच होता.

अर्ध्या वाटेंत दिवा, हॉर्न आणि इंजिन हीं तिन्ही एकदम बंद पडलीं. आमच्या गाडींत ठिणगीची वीज बॅटरींतून येते. त्यामुळें मुख्य फ्यूज गेला म्हणजे किका मारून कांहीं होत नाहीं. फ्यूज सीटखालीं, बदलीचा फ्यूजहि तेथेंच, त्याच्याच शेजारीं, आणि ती सीट उघडण्यास लागणारा दहाचा पाना तिच्याच पोटांत. मोबाइलला त्या वळणावर रेंज नव्हती. आम्हीं किल्लीनें तारेचे पीळ उलगडण्याचा प्रयत्न केला, दांतांनीं केला, शेवटीं दगडानें केला. तार सुटली, तेव्हां बोटें रक्ताळलीं होतीं. बोल्ट मात्र गंजून चौकटीशीं एकजीव झालेले. मुलाचा बाप कांहीं बोलला नाहीं. तो मुलाचें डोकें आपल्या शर्टाखालीं झांकून उभा होता आणि मधून मधून त्याला नांवानें हांक मारीत होता. पंचवीस मिनिटांनीं कल्याणकडे जाणारा भाजीचा एक टेम्पो आला, आणि त्यानें त्या दोघांना नेलें. आम्ही बंद गाडीपाशीं राहिलों. पंचवीस मिनिटें हा आंकडा आम्हीं घड्याळांत पाहिलेला आहे.

मुलगा वांचला. त्याला कांहीं दिवस श्वासाच्या यंत्रावर ठेवावें लागलें. पण तो वांचला.

दुसऱ्या दिवशीं गाडी ढकलत, टेम्पोंत घालून, मुरबाडास एका मिस्त्रीकडे नेली. त्यानें बोल्टांवर तेल सोडलें, तासभर दुसरें काम केलें, मग एक बोल्ट काढला आणि दुसरा कापला. सीट उचलली तों आंत पेंढ्याचें, चिंध्यांचें व सीटच्याच स्पंजाचें एक सुरेख घरटें. उंदरांनीं तारेवरचें आवरण कुरतडलें होतें. उघडी तार पावसांत चौकटीला लागली आणि फ्यूजनें आपलें कर्तव्य केलें. मिस्त्रीनें घरटें चिमटींत धरून आमच्यापुढें ठेविलें व विचारलें, "गुरुजी, शेवटची कधीं उघडली होती?" आम्हीं सांगितलें. तो म्हणाला, "उघडायला तास लागतो ती गाडी कोण उघडतो? आणि उघडत नाहीं तिथें उंदीर राहतात."

मग त्यानें आम्हांस जें दाखविलें तें साधें होतें, आणि आम्ही त्याच्या उलट वागत आलों होतों. सीटच्या पुढच्या टोकाला खालून एक जीभ असते. ती टाकीच्या मागल्या आडव्या दांडीखालीं गेली पाहिजे. आईच्या वेळीं ती दांडीवर टेकली होती. सीटच्या तळाशीं रबराचे गुटके असतात. बसणाराचें सारें वजन ते गुटके चौकटीवर उतरवितात. बोल्टांवर वजन नसतेंच. बोल्टाचें किंवा खटक्याचें काम एवढेंच कीं, सीट वर उचलूं द्यावयाची नाहीं. गुटके झिजले किंवा पडले, म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा हिसका बोल्टाला बसूं लागतो व तो सैल होतो. आणि मालक गुटका पाहावयाचा सोडून बोल्टच अधिकाधिक आवळीत बसतो, शेवटीं आटे जातात. आमचा एक गुटका कधींच नाहींसा झाला होता. म्हणजे आठ वेढ्यांची तार ही एका रुपया-दोन रुपयांच्या रबराची उणीव भरून काढीत होती.

काढावयाची रीत अशी: कुशीचें झाकण काढावें, दोन्ही बोल्ट सोडून वायसरांसह वाटींत ठेवावे, सीटची मागची बाजू थोडी उचलून सबंध सीट मागें ओढावी; वर खेंचूं नये, जीभ वांकते. बसवितांना आधीं जीभ दांडीखालीं सरकवावी, खालीं एखादी तार चेंगरत नाहीं ना हें बोटानें चांचपावें, आट्यांना ग्रीसचें बोट लावावें, दोन्ही बोल्ट प्रथम हातानें लावून मग पान्यानें बेताचे आवळावे. खटक्याची सीट असेल तर मागून तळहातानें दाबून 'खट्' असा आवाज ऐकावा. आणि शेवटीं, दोन्ही प्रकारांत, पुढून व मागून सीट धरून वर ओढून पाहावी. "नजरेनें बघायची नाहीं, ओढून बघायची," असें मिस्त्री म्हणाला. आम्ही इतकीं वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिका नजरेनें बघत आलों, हें आमच्या मनांत आलें. तें आम्हीं त्याला सांगितलें नाहीं.

बंदोबस्त आणि निगा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि भीतीला त्यांतली पहिलीच सुचते. तिजोरी, देवघर, कायदा, संसार, सगळीकडे आम्ही एकदां पडलों कीं तारेचे वेढे घालतों आणि त्याला सुरक्षितता म्हणतों. उघडून पाहण्याची सोय त्याच वेढ्यांत बंद होते. भातसा-तानसाचें पाणी पिणाऱ्या मुंबईनें आमच्या तान्हेल्या वाड्यांवरचें झाकण कधीं उचलून पाहिलें काय, असा प्रश्न आम्ही पूर्वीं मोठ्या आवेशानें विचारीत असूं. प्रश्न खोटा नाहीं; पण हल्लीं तो विचारतांना आमचा आवाज थोडा खालीं येतो.

आतां प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारीं आम्ही सीट काढतों. सगळें मिळून दहा मिनिटें लागतात. बॅटरीच्या टोंकांवरची पांढरी बुरशी पुसावी, तारा पाहाव्या, उंदरांची चाहूल घ्यावी, गुटके मोजावे. ते चार असतात. दहाचा एक पाना कुशीच्या झाकणाआड, जेथें नुसत्या किल्लीनें हात पोंचतो, तेथें रबरानें बांधून ठेविला आहे.

मुलाचा बाप कधीं वाटेंत भेटला कीं हात जोडून म्हणतो, "गुरुजी, तुम्ही होतां म्हणून पोर हातीं लागलें." पहिल्या वेळीं आम्ही त्याला पान्याची हकीकत सांगावयास निघालों होतों, पण तो इतक्या मनापासून बोलत होता कीं शब्द घशांतच राहिले. त्यानंतर तो पुष्कळदां भेटला आहे. ती हकीकत आम्हीं त्याला अजून सांगितलेली नाहीं. येथें मात्र लिहून ठेविली आहे.