‘काइंड’ म्हणजे काय?

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या बंधूंची नात इंग्रजीची वही घेऊन माजघरांत आली. ‘माझी आई’ या विषयावर दहा ओळी आणि प्रत्येक ओळीचें मराठी लिहून आणावयास शाळेंत सांगितलें होतें. पहिलीच ओळ होती, ‘माय मदर इज काइंड’. तिच्यापुढें मुलीनें लिहिलें होतें, ‘माझी आई दयाळू आहे.’ सूनबाई तेथेंच तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांना हसूं आवरेना. “अग, मी काय तुझ्यावर दया करतें होय?” असें त्या म्हणतांच मुलगी हिरमुसली. “आजोबा, काइंड म्हणजे दयाळूच ना?” असें तिनें मला विचारलें. छत्तीस वर्षें मीं वर्गांत तसेंच शिकविलें. तरी त्या दिवशीं मला चटकन् ‘होय’ म्हणवेना.

या शब्दाचें कुळ पाहूं गेल्यास गंमत वाटते. ‘काइंड’ हा ‘किन्’ म्हणजे सगेसोयरे या शब्दाच्या घराण्यांतला. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ जन्मजात, कुळाला साजेसा असा होता. आपल्या रक्ताच्या माणसांशीं वागावें तसा जो वागतो तो ‘काइंड’. भाषाशास्त्रज्ञ त्याचें मूळ ज्या धातूशीं नेऊन भिडवितात, तोच आमचा ‘जन्’. तेव्हां ‘जन’ आणि ‘जाति’ हे त्याचे दूरचे चुलते ठरतात. त्याच शब्दाचा ‘प्रकार’ हाही अर्थ यामुळेंच, आणि तेथें मुलें हटकून फसतात. ‘पेमेंट इन काइंड’ याचें भाषांतर एका विद्यार्थ्यानें ‘दयेनें दिलेले पैसे’ असें केलें होतें. त्याला मीं सांगितलें कीं, आपल्याच अलिबाग तालुक्यांत चरीच्या शेतकऱ्यांनीं १९३३ पासून सहा वर्षें संप चालविला, तो खोताला भाताच्या रूपानें द्याव्या लागणाऱ्या खंडापायीं. तो खंड ‘इन काइंड’ होता खरा, पण त्यांत दयेचा लवलेश नव्हता.

‘दया’ शब्दाची जात निराळी. धातुपाठांत ‘दय्’ धातूचे अर्थ देतांना दान, गमन, रक्षण व घेणें यांच्या पंगतीस हिंसाही बसविली आहे. पाठशाळेंत शिकत असतां मला याचें नवल वाटे. पुढें वाटेनासें झालें. दया करणारा वर उभा असतो आणि जिच्यावर ती होते ती व्यक्ति खालीं. ‘कृपा’ही वरूनच उतरते, मग ती देवाची असो वा तहसीलदाराची. ‘अनुकंपा’ म्हणजे दुसऱ्याच्या दुःखानें आपणही कंप पावणें. किती सुंदर शब्द! परंतु आज तो सरकारी फायलींत ‘अनुकंपा तत्त्वावर नेमणूक’ होऊन पडला आहे. इंग्रजी शब्दाची गत याहून फार बरी आहे असें नाहीं. पंधरा दिवसांत पैसे भरा, नाहीं तर वीज तोडूं, अशा नोटिशीचा आरंभही ‘काइंडली’नें होतो, आणि मराठींत तिच्या कपाळीं ‘कृपया’ येतें. आमच्या घरगुती बोलीला असला स्वतंत्र शब्द लागतच नसे. ‘बसा’, ‘घ्या ना’, ‘येतां का जरा?’ या क्रियापदांच्या वळणांतच सारें आर्जव सामावलेलें असे.

आमचे वाडवडील पत्राच्या शेवटीं ‘लोभ असावा’ असें लिहीत. षड्रिपूंपैकीं एक रिपु त्यांनीं खुशाल पत्रांत आणून बसविला आणि त्याचें प्रेम केलें! वेदान्त्यांची ‘माया’ आजीच्या तोंडीं जिव्हाळा झाली. शास्त्रानें जें त्याज्य ठरविलें, त्यांतूनच मराठी माणसानें नातीं जोडणारे शब्द घडविले, हें मला तरी मोठें विलक्षण वाटतें.

आमच्या रेवदंड्यांत बेने इस्रायल मंडळींचें प्रार्थनामंदिर आहे. त्यांच्या हिब्रू धर्मग्रंथांत ‘हेसेद’ हा शब्द वारंवार येतो. वचनानें वा नात्यानें बांधलेल्यांचें एकनिष्ठ प्रेम, असा त्याचा भाव. १५३५ सालीं बायबल इंग्रजींत आणतांना कव्हरडेल यास त्यासाठीं नुसता ‘काइंडनेस’ पुरेना. त्यानें मागें ‘लव्हिंग’ जोडून नवा समास केला.

हें सारें मला उशिरां सुचलें. १९८८ सालीं मी एका शाळेंत दहावीच्या वर्गाला इंग्रजी शिकवीत होतों. कोळीवाड्यांतला एक हुशार मुलगा वर्गांत होता. त्याचे वडील दर्यांत गेलेले. परीक्षेची फी भरण्याची मुदत संपत आली, तेव्हां ती मीं भरली. येथवर ठीक होतें. पण मास्तरकीची खोड आड आली. पत्रलेखनाचा सराव म्हणून मीं त्याच्याकडून मला आभारपत्र लिहवून घेतलें. ‘यू हॅव बीन व्हेरी काइंड टु मी’ हें वाक्य मींच सांगितलें, तें फळ्यावर लिहिलें, आणि खालीं मराठी केलें, ‘आपण माझ्यावर फार दया केलीत.’ तें सर्व वर्गाकडून दोनदां म्हणवूनही घेतलें.

तीन दिवस मुलगा शाळेंत आला नाहीं. चौथ्या दिवशीं सायंकाळीं त्याची आई आमच्या ओट्यापाशीं आली. आमच्या घरीं मासळी चालत नाहीं हें ठाऊक असल्यानें तिनें पांढऱ्या कांद्यांची माळ आणली होती. ती पायरीवर टेकली. तिची बोली मला जशीच्या तशी लिहितां येणार नाहीं, परंतु ती म्हणाली तें असें: “मास्तर, माझा धनी गेला तेव्हां आळीनें आमचीं जाळीं विणून दिलीं, सहा महिने घरांत तांदूळ घातले. दया कुणी नाहीं केली. आपलं म्हणून केलं. तुमचे पैसे मी फेडीन, पण पोराला त्या फळ्यावरून पुसा.”

मला उत्तर सुचलें नाहीं. आमच्या मंडळींनीं तिला चहा दिला. तो तिनें घेतला, एवढेंच बरें झालें. दुसऱ्या दिवशीं मुलगा वर्गांत आला, परीक्षेला बसला, उत्तीर्णही झाला. परंतु पुन्हां आमची पायरी चढला नाहीं. जून महिन्यांत शेजारच्या एका पोराबरोबर कागदाची पुडी आली. तींत फीचे सर्व पैसे होते, बहुतेक चिल्लर. किती तरी दिवस मीं त्या पुडीला हात लावला नाहीं.

‘किन्’वरून जसा ‘काइंड’, तशी ‘आपला’वरून ‘आपुलकी’. पायरीवर बसलेल्या त्या निरक्षर बाईनें तें मला एका वाक्यांत सांगितलें होतें. पण तेव्हां माझी मान खालीं गेली होती. मग व्युत्पत्तीकडे लक्ष कोठून जावें?

तर गेल्या महिन्यांत मीं नातीला ‘दयाळू’ खोडावयास लावून ‘माझी आई मायाळू आहे’ असें लिहविलें. सूनबाईंनींही मान डोलावली. चार दिवसांनीं वही तपासून परत आली. ‘मायाळू’वर तांबडी फुली, आणि वर सुवाच्य अक्षरांत ‘दयाळू’. वही तपासणाऱ्या बाई माझ्याच विद्यार्थिनी आहेत.