दाणे कबुतरांचे, धाप आमची

आपण श्वास घेतो आहोत हे ज्याच्या ध्यानीमनीही नसते, तो मनुष्य धडधाकट समजावा. मी त्यातलाच. वय ५२, विडी-तंबाखू वर्ज्य, रोज पहाटे शिवाजी पार्कला चार फेऱ्या, आणि दादरच्या आमच्या जुन्या इमारतीचे तीन जिने पिशव्यांसह एका दमात! असे असता पावसाळ्यात मी दुसऱ्या मजल्यावर थांबू लागलो. प्रथम चपलेचा पट्टा सारखा करण्याचे निमित्त करून; पुढे निमित्तही सुचेना.

हृदयाचा आलेख उत्तम, हिमोग्लोबीन १४, छातीचा एक्स-रे स्वच्छ. “काळजी फार करता,” असा निकाल मिळाला. काळजी मी करतच नव्हतो. ती त्या निकालानंतर सुरू झाली! दुखणे असावे आणि त्याला नाव नसावे, म्हणजे घरची माणसेही सहानुभूती बेतानेच वाढतात.

पुढे छातीच्या एका तज्ज्ञ बाईंनी मला बोटाला चिमटा लावून व्हरांड्यात सहा मिनिटे चालवले. बसलो होतो तेव्हा प्राणवायूचा आकडा ९७. चालून आलो तो ८८. बाईंनी विचारले, “घराजवळ कबुतरं आहेत का?”

दादरकराला हा प्रश्न! २०२५ साली महापालिकेने इथल्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली तेव्हा केवढा गदारोळ उडाला होता! स्कॅनमध्ये फुफ्फुसांवर धुके पसरलेले दिसले. कबुतरांची विष्ठा वाळते, तिची नि पिसांची धूळ श्वासावाटे आत जाते, आणि काहींच्या शरीराचे रखवालदार त्या धुळीशी असे लढतात की फुफ्फुसच सुजते. वेळीच दूर झाले तर सूज उतरते. एकदा व्रण धरले की ते कायमचे. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कबुतरे पाळणाऱ्यांचा हा विकार १९६५ सालीच वर्णिला होता. एक्स-रेला तो प्रारंभी पुष्कळदा हुलकावणी देतो.

बाईंनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. गाल फुगले, आणि भेटेल तो “प्रकृती सुधारली हं!” म्हणू लागला. पण खरे औषध निराळेच होते : कबुतरे तरी जावीत, नाहीतर आम्ही तरी.

आमच्या निजायच्या खोलीखालीच काकूंच्या स्वयंपाकघराचा सज्जा. यजमान गेल्यापासून त्यांच्या नावाने काकू तिथे रोज वाटीभर ज्वारी टाकीत. आमच्या दोन्ही मुलांना याच काकूंनी न्हाऊमाखू घातलेले. चार दिवस जीभ उचलेना. अखेर स्कॅनची तसबीर घेऊनच गेलो. काकूंनी ती खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, “अरे, पण मग ह्यांना काय सांगू?”

मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माणूस लावून सज्जा धुववला. झाडायचा नाही, आधी ओला करायचा, हे मी सांगितलेले त्यांनी त्याला तीनदा बजावले. वर जाळी बसवली. चालल्यावर माझा आकडा आता ९२ वर टेकतो.

वाटी मात्र चुकत नाही. रोजची ज्वारी डब्यात साठते आणि महिन्याकाठी कामवाल्या बाईच्या घरी जाते. “ह्यांना चालेल,” असे काकूंनीच ठरवले आहे.