सचिन की विराट?

प्रिय मित्रा,

मेलबर्नला आता थंडी पडली असेल. इथे आपल्या शाळेच्या ग्रुपवर मात्र ‘सचिन मोठा की विराट’ पुन्हा तापलंय आणि या वेळी मला खरोखर राग आलाय. वाद होतो म्हणून नाही रे, वादाशिवाय क्रिकेट बघायचं तरी कशाला! तो ज्या तऱ्हेनं घालतात, तिचा राग आहे.

‘सचिननं शतक ठोकलं की आपण हरायचो.’ हे वाक्य ऐकून कान किटले. त्याच्या 49 एकदिवसीय शतकांपैकी 33 वेळा भारत जिंकलाय. एवढं सांगितलं की समोरचा तडक कसोटीवर उडी मारतो, ‘मग 1999चं चेन्नई?’ अरे, तोच सामना नीट बघ ना! पाकिस्तानविरुद्ध 271चं लक्ष्य, पाठ धरलेली, तरी 136 धावा काढून तो बाद झाला तेव्हा 17 धावा हव्या होत्या आणि तीन गडी हातात होते. ते तिघे चार धावांत गेले. आपण 12 धावांनी हरलो. हा पराभव सचिनच्या नावावर मांडणं हा उघड अन्याय आहे.

सचिनवालेही कमी नाहीत. विराटनं नोव्हेंबर 2023मध्ये वानखेडेवर पन्नासावं एकदिवसीय शतक केलं. तोवर शतकांची संख्या हाच यांचा पुरावा होता. नंतर लगेच ‘संख्येला काय अर्थ? गोलंदाज बघा!’ 2011मध्ये एकदिवसीय सामन्यांत दोन्ही टोकांनी नवा चेंडू आला, रिव्हर्स स्विंग जवळजवळ संपला, हे खरंच आहे. पण हा मुद्दा आकडा आपल्या बाजूनं असतानाही मांडायला हवा होता. खुद्द सचिननं तर त्या पन्नासाव्या शतकाच्या दिवशी स्टेडियममध्ये टाळ्या वाजवल्या.

आणि शेवटी ठरलेलं, ‘तू स्वतः किती क्रिकेट खेळलायस?’ इथे बोलणंच खुंटतं. ज्यांनी आयुष्यभर मन लावून सामने बघितले, ती माणसं गप्प होतात. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

तू ऑक्टोबर 2022मध्ये मेलबर्नला पाकिस्तानविरुद्धच्या त्या सामन्याला मैदानात होतास. हारिस रौफला विराटनं मागच्या पायावरून सरळ मारलेला तो षटकार तुझ्या जागेवरून कसा दिसला, ते सविस्तर लिही. त्यात सचिनचं नाव आणू नकोस.

तुझाच,
जुना बाकमित्र