बीड ते मंडई: दोन पत्रं

अहिल्यानगर, रात्री

तीर्थरूप आण्णांस सा. नमस्कार,

सुखरूप पोचले. गाडी तुम्ही म्हणालात तशी निवांतच आहे. लाइन १९९५ला मंजूर झाली आणि बीडातून पहिली गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ला, मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षं वाट पाहिलेल्या जिल्ह्याला तास-दोन तासांचं काय! एका पाटीचं मात्र हसू आलं: ‘न्यू आष्टी’. आष्टी होती तिथंच आहे की.

पुणे, दुसरा दिवस

आण्णा,

एसटीनं वाकडेवाडीला उतरवलं. मेट्रोच्या कामासाठी २०१९च्या शेवटी शिवाजीनगरचं स्टँड तिकडं हलवलंय. रिक्षानं शिवाजीनगरला जाऊन बघते तर मेट्रो स्टेशनाला किल्ल्याचा घाट! झोकात आहे, पण किल्ला आत आला नि खेड्यापाड्यांची एसटी वेशीबाहेर गेली, हे काही मला पटलं नाही.

डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही स्टेशनं मुठेच्या काठाला. छतं मावळ्यांच्या पगडीसारखी केलीत. बघायची ती लांबून. फलाटावर उभं राहिलं की नुसतंच छत.

खरं बघण्यासारखं सिव्हिल कोर्टाचं स्टेशन. वनाझ–रामवाडी गाडी इथं वरून जाते, पिंपरीहून स्वारगेटला जाणारी जमिनीखालून. खोली ३३.१ मीटर, म्हणजे आपल्या विहिरीच्या मापानं अठरा परस! त्याच्या कितीतरी पट खोल बोअर घेऊन आपल्याकडं फुफाटाच निघाला. इथं तळाच्या फलाटावर थेट ऊन पडावं असं छत बांधलंय. सरकत्या जिन्यावर मी मुद्दाम दोनदा वर-खाली केलं, हे आईला सांगू नका.

तिथून जमिनीखालनंच मंडईला आले. हा टप्पा सप्टेंबर २०२४ला सुरू झाला. वर येऊन थोडं चाललं की जुनी दगडी, अष्टकोनी मंडई. १८८६ला उघडली तेव्हा गव्हर्नराच्या नावानं ‘रे मार्केट’ म्हणत. जोतीराव फुले नगरपालिकेत असताना या बांधकामाला विरोध करत होते. हा पैसा शिक्षणाला लावा, हे त्यांचं म्हणणं. पुढं त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव दिलं! गौरव खराच, पण त्यांना विचारलं असतं तर त्यांनी आधी शाळांचा हिशेब मागितला असता.

मेथीची जुडी इथं काय भावानं जाते ते फोनवर सांगेन. पत्रात लिहिलं तर तुम्ही बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याशी भांडाल.

तुमची लेक