चार सडांची साक्ष

म्हशीच्या कासेस दगडी झाली हे डोळ्यांस दिसते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आरंभी दूध पांढरेशुभ्रच असते. १९५७ साली कॅलिफोर्नियात चार वाट्यांच्या तबकाची युक्ती निघाली. त्यात साबणी द्रावण मिसळले की दोषी दूध चिकट होते. आता मुठीत मावणारे यंत्रही मिळते. दगडीने दुधातील मिठाचा अंश वाढतो आणि त्यातून वीज अधिक सुलभ वाहते. एवढ्यावर त्याचा सारा कारभार. मात्र एकट्या आकड्यास अर्थ थोडा. एका सडाचा आकडा त्याच जनावराच्या उरलेल्या तीन सडांशी ताडून पाहावा लागतो. आम्हां कारकुनांस हे फार भावले. आमच्या कचेरीत साऱ्या देशास एकच मोजपट्टी!

आमच्या दिल्लीतील गवळ्यास आम्ही हे सांगितले. तो म्हणाला, "बाबूजी, आकडा चढला की औषध आले, आणि औषध आले की दूध विकणे बंद. हप्ता कोण भरणार?" त्याची म्हैस कर्जाची आहे. सड कायमचा आटला तर काय जाते, हेही तो आमच्याहून चांगले जाणतो. आम्हांपाशी उत्तर नव्हते. दूध आम्ही त्याच्याकडूनच घेतो.